ऑर्लिन हाउगेनला ऐकायचं होतं ते नाव

ऑर्लिन हाउगेन चेंडू धरायला गुडघा टेकून बसला की मान खाली घालून बसायचा आणि चेंडू उडून गेला तरी मान वर करायचा नाही. चेंडू दोन खांबांच्या मधून गेला की बाहेरून, हे तो आवाजावरून सांगायचा. ओल्या पोत्यावर फळी आपटल्यासारखा आवाज आला की गोल. टाळीसारखा सुका आवाज आला की चेंडू डावीकडे गेला समजावं. त्याचा मुलगा ट्रेंट अकरा वर्षांचा असल्यापासून रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर चेंडूला लाथ मारायचा आणि बाप तो धरायचा. एक बोट चेंडूच्या टोकावर आणि चेंडूची दोरीची शिवण खांबांकडे. शिवण मारणाऱ्याच्या पायाकडे आली तर चेंडू भलतीकडे जातो. ऑर्लिनच्या हातून ती तशी कधी आली नाही.

अमेरिकेतल्या उत्तर डकोटाच्या टोरव्हिक गावात फुटबॉल म्हणजे चेंडू छातीशी धरून पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं पाडायचं. पायाचं काम सामन्यात मोजून सात-आठ वेळा. त्यासाठी तीन माणसं वेगळी असतात: एक दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो, एक तो धरून जमिनीवर उभा करतो आणि एक लाथ मारतो. ती धावत येतात, काम करतात आणि परत बाकावर जाऊन बसतात. शुक्रवारी सामन्याआधी शाळेच्या कर्ण्यावरून मुख्य अकरा खेळाडूंची नावं एकेक करून वाचली जातात. ज्याचं नाव वाचलं जातं तो दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या पोरांच्या रांगेतून एकटा पळत येतो, आणि त्याची आई उभी राहते. ही तीन माणसं मात्र मागून घोळक्यानं येतात. त्यांची नावं वाचत नाहीत.

ऑर्लिन स्वतः शाळेत असताना चेंडू धरणारा होता. त्याच्या शेवटच्या वर्षी शाळा राज्याच्या अंतिम सामन्यात पोचली. शेवटच्या मिनिटाला चिखलातून घसरत, जवळजवळ जमिनीला घासत आलेला चेंडू त्यानं उपसून काढला आणि सरळ उभा केला. गोल झाला, शाळा जिंकली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत मारणाऱ्याचा आख्खा देह होता आणि खाली कोपऱ्यात मनगटापासून कापलेले दोन हात. खाली मारणाऱ्याचं नाव छापलं होतं. ते कात्रण ऑर्लिननं तेव्हापासून पाकिटात ठेवलं होतं. कुणी विचारलं तर तो एवढंच म्हणायचा, "हात बरे आलेत."

पुढे तो गावच्या धान्यकोठारात लागला. एकतीस वर्षं त्यानं गव्हाची आणि बार्लीची धूळ खाल्ली. तोंडाला बांधायची पट्टी खिळ्याला टांगलेली असायची. ती बांधली की आवाज नीट ऐकू येत नाहीत, असं तो म्हणायचा. श्वासाचा आणि कानाचा काय संबंध, हे त्याची बायको आर्डिस त्याला विचारून विचारून थकली. शेवटी फुप्फुसांनी जाब विचारला. ट्रेंट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा ऑर्लिनच्या नाकाला प्राणवायूची नळी लागली. फार्गोचा डॉक्टर सरळ माणूस होता. तो म्हणाला, "पुढचा गहू कापून होईल तोवर. त्यापुढचं मी सांगत नाही."

त्या हिवाळ्यात गावाला एकच विषय होता. ट्रेंट हाउगेनचं नाव ड्राफ्टमध्ये येईल का? एप्रिलच्या शेवटी व्यावसायिक संघ पाळीपाळीनं कॉलेजातली पोरं निवडतात. सात फेऱ्या होतात, अडीचशेच्या आसपास नावं निघतात, आणि प्रत्येक नाव टीव्हीवर वाचलं जातं. राज्यात ट्रेंटसारखा पाय नव्हता. प्रश्न पायाचा नव्हताच. पायावर कुणी निवड खर्च करतं का, हा प्रश्न होता.

कॅफेत सकाळी सहाच्या कॉफीला मिल्टन ग्रोथ तावातावानं बोलायचा. शाळेच्या कर्ण्यावरून नावं वाचणारा तो हाच. चौतीस वर्षं माईक त्याच्या हातात होता, त्यामुळे कॅफेतही तो कर्ण्यावरूनच बोलल्यासारखा बोलायचा.

"सात निवडी मिळतात वर्षाला. सात! त्यातली एक जो मालक लाथ मारणाऱ्यावर घालवेल ना, त्याला मी माझा ट्रॅक्टर विकतो. पुढची चाकं नसलेला."

"तुझा लाडका संघ मागच्या वर्षी एका लाथेनं, तीनपेक्षा कमी गुणांनी, किती सामने हरला?" ऑर्लिन विचारायचा. नळीमुळे त्याचं प्रत्येक वाक्य दोन तुकड्यांत यायचं.

"चार. मग?"

"मग कुणावर ओरडत होतास टीव्हीसमोर? पळणाऱ्यावर?"

"ओरडलो ना, ओरडणारच! पण लेका, ड्राफ्ट संपला की हे सगळे लाथ मारणारे किकर फोनपाशी रांग लावून बसलेले असतात. फुकट. आपल्याकडं ऑगस्टमध्ये गाडीला कुलूप लावलं नाही तर मागच्या सीटवर कुणीतरी परसात जास्तीच्या झालेल्या झुकिनीच्या भाजीची पिशवी ठेवून जातं की नाही? तसे मिळतात ते. फुकट मिळतंय त्याला कोण निवड खर्च करेल?"

"आणि त्या झुकिनीचं तू काय करतोस?"

"कोंबड्यांना घालतो."

"तेच म्हणतोय मी," ऑर्लिन म्हणायचा. "निवडलेल्या माणसाला कुणी कोंबड्यांपुढे टाकत नाही."

सगळे हसायचे, मिल्टनही हसायचा. पण आर्डिसला ठाऊक होतं की हा वाद नव्हता. घरी परत येताना ऑर्लिन गाडीत तिला म्हणाला होता, "मला फक्त एकदा ते वाचलेलं ऐकायचंय. हाउगेन म्हणून. मग गहू कापोत नाहीतर न कापोत." मागच्या सीटवर ट्रेंट होता. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

ड्राफ्टचा दुसरा दिवस रविवारी आला. सकाळची प्रार्थना झाल्यावर सगळं गाव चर्चच्या तळघरातच थांबलं. मुलांच्या वर्गातला टीव्ही खाली आणून टेबलावर ठेवला. आर्डिसनं रेकॉर्डरमध्ये नवी कॅसेट घातली आणि तीन वेळा तपासली. बायकांनी बटाट्याच्या गोळ्यांचे हॉटडिशचे चार ट्रे आणले होते, हॅमचे पाव होते आणि कॉफीची मोठी टाकी गुरगुरत होती. ऑर्लिनला सगळ्यात पुढची खुर्ची दिली. त्याला एकाच गोष्टीची धास्ती होती. शेवटच्या फेऱ्यांत नावं भराभर येतात. काही नावं जाहिरात चालू असतानाच निघून जातात, मग ती नुसती पडद्याच्या तळाशी पट्टीवर सरकतात. कुणी वाचत नाही.

पाचवी फेरी गेली. सहावी गेली. त्यात एकही किकर नव्हता. मिल्टननं हॉटडिश दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तळघरात मोबाईल लागत नसे. सातवी फेरी सुरू झाली तेव्हा ट्रेंट फोन घेऊन पायऱ्या चढून बाहेर गेला. तळघराच्या खिडक्या जमिनीलगत होत्या, त्यामुळे आतून माणसाचे फक्त पाय दिसायचे. ऑर्लिन जाहिरात लागली की खिडकीकडे बघायचा. मुलाचे पाय त्याला हजारात ओळखू आले असते. डावा पाय खडीत घट्ट रोवलेला आणि उजव्या बुटाचं टोक उरलेल्या काळपट बर्फात रेघ ओढतंय. रेघ ओढायची, पुसायची, पुन्हा ओढायची. बराच वेळ ते चाललं होतं. मग पाय थांबले. मग दुसरा फोन आला असावा, कारण पाय पुन्हा हलले. हा फोन मात्र मिनिटभरात संपला.

ट्रेंट खाली आला आणि बापाच्या शेजारी बसला. "बाबा," तो हळूच म्हणाला, "ही जाहिरात संपली की नीट ऐक."

जाहिरात पिकअप गाडीची होती. ती संपली. कोट घातलेला एक माणूस चिठ्ठी घेऊन आला आणि त्यानं वाचलं: दोनशे एकतिसावी निवड, ट्रेंट हाउगेन, किकर, उत्तर डकोटा.

टाळीसुद्धा विचार करून वाजवणारी ती माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. कुणाच्या तरी हातून कॉफी सांडली. आर्डिस तोंडावर नॅपकिन धरून रडत होती. मिल्टन ओरडला, "कुणाला हवाय रे माझा ट्रॅक्टर?" ऑर्लिननं मान वर केली नाही. चेंडू धरताना बसायचा तसाच तो खाली बघत बसला होता, आणि ओठ हलत होते. ऐकलेलं तो आत जपून ठेवत होता.

त्यानंतर रोज जेवण झाल्यावर तो कॅसेट लावायचा. पिकअप गाडी, कोटवाला माणूस, चिठ्ठी, नाव. सगळा मिळून पाऊण मिनिटांचा कार्यक्रम. आर्डिस भांडी विसळत असायची आणि नाव आलं की नळ बंद करायची.

ज्या दक्षिणेतल्या संघानं ट्रेंटला निवडलं त्यांच्याकडे अकरा वर्षं मुरलेला किकर होता. ट्रेंट जुलैत सरावाला गेला. त्यानं सगळ्या लाथा मारल्या, फक्त दोन चुकल्या. ऑगस्टच्या शेवटी तो एक पिशवी घेऊन घरी आला. त्या दिवशी गव्हाची शेवटची गाडी कोठारात खाली होत होती आणि ऑर्लिन व्हरांड्यात नळी लावून जिवंत बसला होता.

"काय म्हणाले?"

"पाय चांगला आहे म्हणाले. जागा नाही म्हणाले."

"मग निवडला कशाला?"

"जुन्या माणसाला धाक म्हणून, बाबा. असं करतात."

सप्टेंबरभर फोन आला नाही. ट्रेंट कोठारात कामाला लागला. पहिल्या दिवशी ऑर्लिननं खिळ्यावरची पट्टी आर्डिसकडून धुऊन घेतली आणि मुलाच्या हातात दिली. रविवारी दोघं टीव्हीपुढे बसून सामने बघायचे. मोठ्या सरोवराकाठच्या संघात एक नवा किकर आला होता, विस्कॉन्सिनचा. कुणी निवडलेला नव्हता, ड्राफ्ट संपल्यावर फोनवर घेतलेला. तो एकामागून एक गोल करत होता.

"चांगला पाय आहे," ऑर्लिन म्हणाला.

"चांगला आहे," ट्रेंट म्हणाला, आणि जळणाची लाकडं आणायला बाहेर गेला. लाकडं घरात भरपूर होती.

ऑक्टोबरात वेन प्रुइट कॅफेत आला. तो त्याच सरोवराकाठच्या संघासाठी खेळाडू हेरत हिंडायचा. दोन्ही डकोटा आणि मिनेसोटा मिळून त्याचा मुलूख होता, आणि वर्षातून दोनदा तो टोरव्हिकला ॲपल पाय खाण्यासाठी थांबायचा. तो ऑर्लिनसमोर बसला.

"ट्रेंट काय करतोय?"

"कोठारात आहे. माझ्या जागी."

वेननं कॉफीत साखर घातली. तो कधी साखर घेत नसे. "मी त्याला सांगितलं होतं, ऑर्लिन. त्या रविवारी अर्धा तास घसा कोरडा केला."

"काय सांगितलंस?"

वेननं चमचा बशीत ठेवला. "त्यानं तुला सांगितलं नाही?"

"तू सांग."

"जाऊ दे आता."

"वेन, माझ्याकडं फार श्वास नाहीत. तू सांग."

वेननं बशी बाजूला सरकवली. "आमचा किकर निवृत्त होत होता. जागा मोकळी होती. फक्त आमच्याकडच्या निवडी संपल्या होत्या. मी ट्रेंटला म्हटलं, दुसऱ्या कुणी फोन केला तर सांग की मला तुमच्याकडं यायचं नाही. किकरसाठी कुणी हट्ट धरत नाही, सोडून देतात. ड्राफ्ट संपू दे, सहा वाजता तू आमचा. किकरला निवडलं न जाणंच चांगलं असतं, ऑर्लिन. निवडला की जिथं ओढतील तिथं जायचं. राहिला की जिथं जागा आहे तिथं आपण जायचं. हे त्यालाही माहीत होतं."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, माझ्या वडिलांना नाव ऐकायचंय. सहानंतरची नावं कुणी वाचत नाही."

ऑर्लिनच्या डोळ्यांपुढे तळघराची खिडकी आली. बर्फातली रेघ, पुसलेली रेघ, पुन्हा ओढलेली रेघ. त्यानं टेबलावर हात ठेवले आणि बराच वेळ तो त्या हातांकडे बघत राहिला. वेन काहीतरी बोलत होता, विस्कॉन्सिनचा पोरगाही गरिबाघरचा आहे वगैरे.  जाताना त्यानं ऑर्लिनचा खांदा दाबला आणि ॲपल पाय न खाताच निघून गेला.

त्या रात्री जेवण झाल्यावर ऑर्लिन खुर्चीत बसून राहिला. आर्डिसनं भांडी विसळली, नळ बंद केला, वाट पाहिली आणि पुन्हा चालू केला. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्यानंतर ट्रेंटनं विचारलं, "बाबा, कॅसेट बिघडली का?"

"नाही. तोंडपाठ झालीय."

ट्रेंट त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, पण पुढं काही विचारलं नाही. हाउगेनांच्या घरात न विचारण्याची सवय पिढ्यांची आहे. ऑर्लिनचा आजा नॉर्वेहून आला तेव्हा का आला, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी ऑर्लिन कॅफेत मिल्टनच्या शेजारी जाऊन बसला. त्याची रोजची खुर्ची सोडून.

"उद्या अकरा नावं झाली की आणखी तीन वाच. मागे फेकणारा, धरणारा, मारणारा."

"ती यादीत नसतात, ऑर्लिन."

"यादी कोण करतं?"

"मीच करतो."

"मग?"

"अरे, चौतीस वर्षं हीच पद्धत आहे! सामना उशिरा सुरू व्हायचा उगाच."

"बारा सेकंद," ऑर्लिन म्हणाला. "मी घड्याळ लावून बघितलं." त्यानं श्वास घेतला. "मिल्टन, तू हे आधी केलं असतंस, तर माझा पोरगा आज कोठारात नसता."

मिल्टनला काही कळलं नाही. तो उलट बोलायला तोंड उघडणार होता. पण ऑर्लिनचा चेहरा बघून त्यानं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "तुझ्या वेळी मी माईकवर नव्हतो रे," तो एवढंच म्हणाला.

"ट्रेंटच्या वेळी होतास."

शुक्रवारी ट्रेंटनं बापाला गाडीतून मैदानावर नेलं. कुंपणाला लागून गाड्या उभ्या करायच्या, काच थोडी खाली करायची आणि गोल झाला की हॉर्न वाजवायचा, अशी म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची रीत होती. ऑर्लिनची नळी मधल्या जागेत ठेवलेल्या टाकीला जोडलेली होती. मिल्टननं अकरा नावं वाचली. अकरा पोरं पळत आली, अकरा आया उभ्या राहिल्या. मग कर्णा थोडा खरखरला आणि मिल्टन म्हणाला, "आणि आज..."

मागे फेकणाऱ्याचं नाव वाचलं. मग धरणाऱ्याचं. धरणारा एक काटकुळा पोरगा होता. नाव ऐकून तो घोळक्यात थांबलाच आणि हाक कुणाला मारली म्हणून मागे वळून बघू लागला. लोक हसले. कुणीतरी त्याला पाठीत ढकललं तेव्हा तो पळाला. पळताना हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. बाकांच्या अगदी वरच्या रांगेत एक बाई हातातलं ब्लँकेट टाकून उभी राहिली.

ट्रेंटनं गाडीची काच वर केली.

"वेन येऊन गेला का?"

"येऊन गेला."

मारणाऱ्याचं नाव आता काचेतून पुसट आलं.

"तू मला विचारायला हवं होतंस," ऑर्लिन म्हणाला.

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"म्हणूनच विचारायचं असतं."

ट्रेंटनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते. बापासारखेच हात, लांब बोटांचे. "बाबा, डॉक्टर म्हणाला होता गहू कापेपर्यंत."

"हो ना," ऑर्लिन म्हणाला. "तिथंही मी वेळ चुकवली." त्याला हसायचं होतं, पण त्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेपर्यंत ट्रेंटनं त्याची पाठ धरून ठेवली.  त्या सामन्यात चेंडू खांबांमधून दोनदा गेला. दोन्ही वेळा आवाज ऐकून ऑर्लिननं आधीच हॉर्नकडे बोट केलं, आणि ट्रेंटनं हॉर्न वाजवला.

ऑर्लिन त्यानंतर आणखी दोन हिवाळे जगला. डॉक्टरला नवल वाटायचं. आर्डिसला वाटायचं नाही. ती म्हणायची की हा माणूस लवकर जाऊन सुटू शकत नाही, हे मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं. दर रविवारी तो सरोवराकाठच्या संघाचा सामना पूर्ण बघायचा, विस्कॉन्सिनच्या पोराची प्रत्येक लाथ. ट्रेंटनं एकदा वाहिनी बदलली तेव्हा त्यानं रिमोट मागून घेतला आणि पुन्हा तीच लावली. त्या दोन वर्षांत ट्रेंटला कुठल्याही संघाचा फोन आला नाही. तेविसाव्या वर्षी न मारलेला पाय पंचविसाव्या वर्षी कुणी विचारत नाही.

फेब्रुवारीत ऑर्लिन गेला. तेव्हा जमीन चार फुटांपर्यंत गोठलेली होती, त्यामुळे पेटी चर्चच्या मागच्या खोलीत ठेवून माती मऊ होण्याची वाट बघावी लागली. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी खड्डा खणता आला. पेटीत ठेवायला आर्डिसनं त्याच्या पाकिटातलं कात्रण काढलं, दोन हातांचं. मग तिनं कपाटातून कॅसेट काढली आणि दारात उभ्या असलेल्या ट्रेंटला विचारलं, "ही पण ठेवू का रे त्याच्याजवळ?"

ट्रेंटनं कॅसेट हातात घेतली. पाठीवर आर्डिसच्या अक्षरात तारीख आणि आडनाव होतं. त्यानं ती उलटून पाहिली आणि परत कपाटात ठेवली.

"नको," तो म्हणाला. "त्याला तोंडपाठ होती."